नव्या गिटारचे फ्रेट आणि नागपूरचा उन्हाळा : कामाच्या नोंदी

गिटार पुतणीची. ऑनलाइन मागवलेली, साडेतेरा हजारांची, वरची पाटी अखंड स्प्रूसची, फ्रेटबोर्ड (मानेवरची बोटे दाबायची पट्टी) इंडियन लॉरेल म्हणजे आपल्या जंगलातला ऐन. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ६४८ मिमी. फ्रेट, म्हणजे फ्रेटबोर्डवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या, वीस. हातात फिलर गेज (फट मोजायची पातळ पाने) धरायची सवय असेल, त्याला हे काम घरी जमण्यासारखे आहे. मात्र कुठले काम आधी आणि कुठले नंतर, यावरच सगळे अवलंबून आहे. म्हणून तारखांसकट लिहून ठेवतोय.

१३ एप्रिल

तक्रारी आधी कागदावर उतरवल्या. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा वाजवून तक्ता केला. फुली म्हणजे बझ (तार फ्रेटला घासून येणारी चरचर), गोल म्हणजे सूरच चुकीचा. कंटाळवाणे काम, पण पुढे हाच तक्ता उपयोगी पडला.

पहिल्या ते पाचव्या फ्रेटपर्यंत जाड तारांवर सगळीकडे थोडा थोडा बझ. जी आणि बी तार आठव्या फ्रेटवर दाबली की सूर नवव्याचा. ट्यूनरवर जी तारेला डी शार्प दिसायला हवा तिथे चक्क ई. पंधराव्या-सोळाव्याच्या आसपास बारीक तारांवर चरचर. आणि तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत फ्रेटची टोके मानेच्या खालच्या कडेला बाहेर आलेली. पुतणीचे म्हणणे, "काका, हात सरकवला की ब्लेड लागल्यासारखं होतं." तर्जनीवर दोन ओरखडे होतेच.

विक्रेत्याचे उत्तर साचेबंद : नव्या गिटारला थोडा बझ असतोच, बोट नीट दाबा. तंबोऱ्याची जवारी काढायला लोक मिरजेला जातात आणि त्या झणकारासाठी पैसे मोजतात, इथे तोच आवाज फुकट मिळत होता.

परत पाठवायची मुदत अजून शिल्लक होती. म्हणून दुसरे काही करण्याआधी एकच गोष्ट तपासली : फ्रेटच्या खाचा जागच्या जागी कापल्यात का? बाकी सगळे दुरुस्त होते, हे होत नाही. नटच्या (मानेच्या डोक्याशी तारा ज्या खाचांत बसतात ती पट्टी) आतल्या कडेपासून पोलादी पट्टीने मोजले. पाचवा १६२.५, सातवा २१५.५, बारावा ३२४. मिळाले. बाराव्यावर नुसता स्पर्श करून येणारा सूर आणि दाबून येणारा सूर ट्यूनरवर जवळपास एकच. खाचा बरोबर निघाल्या, गिटार ठेवून घेतली. खाचा चुकलेल्या असत्या तर त्याच संध्याकाळी खोक्यात भरली असती.

१५ एप्रिल

इथल्या एका दुरुस्तीवाल्याला दाखवली. अडीच हजार सांगितले. दर ठीकच वाटला, पण त्याने गिटार मांडीवर घेतली आणि तार न मोजता, मान न बघता थेट कानस शोधायला लागला. उचलून घरी आणली.

साडेतीनशेच्या आत मिळणारा छोटा डिजिटल आर्द्रतामापक घेतला (३४०). दुपारी साध्या खोलीत १८ टक्के. कूलर सुरू असलेल्या खोलीत ५८. गिटार दिवसा कूलरच्या खोलीत भिंतीला टांगलेली आणि रात्री कूलर बंद, म्हणजे रोज ती या दोन टोकांमध्ये हेलपाटे घालत होती. कारखान्यातून निघाली तेव्हा लाकूड बहुधा पन्नास टक्क्यांच्या आसपासच्या हवेत असेल.

लाकूड रुंदीत आक्रसते, लांबीत जवळजवळ नाहीच. फ्रेटची तार धातूची, ती आहे तेवढीच राहते. बाराव्या फ्रेटजवळ मान साडेपाच सेंटिमीटर रुंद. त्यात एक टक्का घट म्हणजे अर्धा मिलिमीटर, दोन्ही बाजूंना मिळून. बोट कापायला तेवढे पुरते. कोरडेपणाने वरची पाटीही खाली बसते, तिच्याबरोबर तारा धरून ठेवणारा ब्रिज बसतो आणि तारा फ्रेटच्या जवळ येतात.

मोजमाप लिहून ठेवले : बाराव्या फ्रेटवर जाड ई तारेची उंची २.६ मिमी, बारीक ईची २.१.

आता कानस नाही. भोके पाडलेली प्लास्टिकची साबणदाणी, आत पिळलेला स्पंज, पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड. नळाच्या पाण्याने स्पंजवर क्षार बसतात, वासही येतो. साबणदाणी गिटारच्या पेटीत मानेखाली, मापक शेजारी, पेटी बंद. तारा अर्ध्या सैल. वाजवायची तेवढा वेळच बाहेर काढायची, हा नियम पुतणीला अजिबात आवडलेला नाही.

३० एप्रिल

बाहेर ४३ अंश. पेटीत आकडा ४६ ते ४९ वर स्थिरावला आहे. सुरुवातीचे काही दिवस तो ३५ च्या वर जाईना, कारण लाकूडच पाणी पीत होते. स्पंज रोज बघावा लागला.

तारा सुरात लावून तक्ता पुन्हा भरला. पहिल्या पाच फ्रेटवरच्या फुल्या जवळजवळ सगळ्या गेल्या. बाराव्यावर जाड ई आता २.९. पाटी वर आली, ब्रिज वर आला. टोकांचा त्रास निम्म्याहून कमी : तिसरा, चौथा, पाचवा हाताला लागतच नाहीत, सातवा ते बारावा अजून लागतात.

हे बघून जरा घामच फुटला. पंधरवड्यापूर्वी त्या पाच फ्रेटवर कानस फिरली असती तर मुळात दोष नसलेल्या फ्रेटची उंची गेली असती, आणि पावसाळ्यात मान फुगल्यावर ते फ्रेट उगाच बुटके राहिले असते.

तक्त्यात उरलेले : आठव्याचा चुकीचा सूर, पंधराव्याकडची चरचर, टोके. शिवाय एफ कॉर्ड (पहिल्या फ्रेटवर एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या) पकडताना पुतणीचा हात दुखतो, ते वेगळे प्रकरण दिसते.

५ मे

ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), चौदाव्यावर जाड ई तार बोटाने दाबलेली, आणि सातव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्या मध्ये फिलर गेजचे पान. ओळखीच्या मोटरसायकल मेकॅनिककडून टॅपेट सेटिंगचा गेज उसना आणला, त्यात ०.०५ पासूनची पाने असतात. ०.४० चे पान सैल आत गेले. ०.२० ते ०.२५ च्या दरम्यान हवे.

ट्रस रॉड फिरवायचा नट (तारांचा नव्हे) ध्वनिछिद्रातून आत, आडव्या काडीच्या पलीकडे. घरातली ॲलन की तिथवर पोचेना. इतवारी बाजारात लांब दांडीची ५ मिमीची मिळाली (१८०). ती मिळेपर्यंत दोन दिवस गेले, कारण पहिल्या दुकानदाराने ३/१६ इंची दिली. ती बसते असे वाटते, पण ती ४.७६ मिमी भरते आणि नटचे कोपरे खाते. आत घालून हलकेच फिरवून बघा, किंचितही खेळ लागला तर ती की तुमची नव्हे.

तारा सैल करून पाव फेरा उजवीकडे, पुन्हा सुरात, रात्रभर तसेच. सकाळी ०.२८. आणखी अर्ध्या पावाने ०.२२ वर थांबलो. पाव फेऱ्यापेक्षा जास्त एकदम फिरवू नये, आणि जड लागले तर हात आवरावा. तुटलेला ट्रस रॉड म्हणजे या किमतीच्या गिटारचा शेवट.

१० मे

फ्रेटची उंची एकमेकांशी ताडून बघायला लहान सरळ पट्टी लागते, तीन फ्रेटवर टेकेल एवढीच. बाजारात तयार मिळते ती महाग. मी नवी पोलादी फूटपट्टी वर्कशॉपमध्ये नेऊन तिचे तीन तुकडे करून घेतले : ७५, ५० आणि ३५ मिमी. कापणारा म्हणाला, "भाऊ, नवी कोरी पट्टी कायले तोडता?" पट्टी नव्वद, कापणावळ पन्नास. कापल्यावर कडेला उठलेली बर घासून काढली आणि तुकडे काचेवर उभे धरून मागून टॉर्च मारला. खालून उजेड दिसला नाही, म्हणजे सरळ.

तारा काढल्या, ट्रस रॉड किंचित फिरवून मान सरळ केली. मग तुकडा तीन-तीन फ्रेटवर ठेवून दोन्ही टोकांवर आळीपाळीने बोट. मधला फ्रेट उंच असेल तर पट्टी डुलते, टक-टक आवाज येतो. एकाच फ्रेटवर प्रत्येक तारेखाली वेगळे बघावे लागते, कारण फ्रेट एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला ठीक असू शकतो.

नववा बारीक तारांच्या बाजूला डुलतो. पंधरावा आणि सोळावा दोन्ही तसेच.

नवव्यावर अंगठा जोरात दाबला. बारीक 'टिक' झाले आणि पट्टी डुलायची थांबली. अंगठा उचलला की पुन्हा डुलते. म्हणजे फ्रेट उंच नाही, खाचेतून उचललेला आहे. फ्रेट आणि लाकूड यांच्या फटीत ०.०५ चे पान सहज सरकले, जवळजवळ बी तारेपर्यंत. असा फ्रेट कानसने घासला तर आज सपाट होईल, पण बोटाच्या दाबाखाली तो खालीवर होतच राहील. पंधरा आणि सोळा दाबून हलले नाहीत. ते खरोखर उंच.

११ मे

नववा चिकटवला. यात अर्धा दिवस गेला, जायला नको होता.

आधी फटीत फेविक्विक सोडले आणि मग क्लॅम्प लावायला घेतला. कालच्या ४४ अंशांच्या दुपारी क्लॅम्पचा स्क्रू पूर्ण आवळायच्या आत गोंद धरला होता. फ्रेट अर्धवट वर, तसाच पक्का. २५ वॅटची सोल्डरिंग गन फ्रेटच्या माथ्यावर टेकवून तापवला, गोंद सुटला, बारीक धूर निघाला (डोळ्यांना फार झोंबतो, खिडकी उघडी हवी). खाचेतला जुना गोंद ब्लेडच्या टोकाने खरवडून काढला.

दुसऱ्यांदा क्रम उलटा. दोन्ही बाजूंच्या लाकडावर मास्किंग टेप. फ्रेटच्या गोलाईप्रमाणे खालून पोकळ केलेला सागवानी ठोकळा, मानेच्या मागे जुन्या चपलेचे रबर, सी-क्लॅम्प (२२०) आधी पूर्ण आवळला. फ्रेट बसला, पट्टी शेजारच्या दोन फ्रेटवर टेकवून खात्री केली. मग फ्रेटच्या टोकाशी टाचणीने एकेक थेंब. पातळ गोंद आपोआप आत ओढला जातो, ओतायची गरज नसते. हे आज सकाळी सहाला केले, गारव्यात.

फ्रेटबोर्डला तेल लावायचे असेल तर ते हे सगळे झाल्यावर. तेलकट खाचेत गोंद धरत नाही.

रात्री तात्पुरती जी आणि बी तार चढवली. आठव्यावर डी शार्प. बीवर जी.

१७ मे

टोके. सुईकानसींचा संच घेतला (४५०), त्यातली चपटी वापरली. मानेच्या कडेच्या पॉलिशवर दोन थर टेप. कानस मानेला समांतर धरून आधी बाहेर आलेला भाग कडेशी एकपातळी केला, नंतर कानस किंचित तिरपी करून वरचा कोपरा मोडला. शेवटी प्रत्येक टोकाचे दोन्ही बाजूंचे खालचे कोपरे, दोन-दोन हलके हात. हात अडखळतो तो याच कोपऱ्यांवर आणि कारखान्यात नेमके तेच सोडून दिलेले असतात. वीस फ्रेट, चाळीस टोके, ऐंशी कोपरे. घाई करायचे काम नाही.

फ्रेटची तार जर्मन सिल्व्हरची : तांबे, निकेल, जस्त, चांदी मुळीच नाही. पोलादापेक्षा मऊ, कानस भराभर खाते, त्यामुळे हात आवरता घ्यावा लागतो.

बोटाला गुळगुळीत लागले तरी भरवसा नाही. कापसाचा बोळा मानेच्या कडेने नटपासून खाली ओढत नेला. जिथे धागा अडकला तिथे कोपरा शिल्लक. अकराव्यावर पांढरी शेपटी राहिली, तेराव्यावर बारीकशी. पुन्हा घासले, पुन्हा बोळा.

ही टोके ४७ टक्के ओलाव्यावर घासलेली आहेत. पुढच्या एप्रिलात गिटार उघड्यावर ठेवली तर थोडीफार पुन्हा डोके वर काढतील. हे पुतणीला सांगून ठेवले आहे.

२४ मे

पंधरावा, सोळावा. मान जिथे धडाला मिळते तिथून पुढे फ्रेटबोर्ड वरच्या पाटीवर चिकटवलेला असतो आणि तिथे हलका उंचवटा येणे नेहमीचे. सगळे वीस फ्रेट घासायचा मोह झाला होता. केले नाही. फ्रेटची एकूण उंची एक मिलिमीटर, ती उगाच का घालवायची?

घासायला सरळ ठोकळा हवा. काचवाल्याकडून ८ मिमी जाडीच्या काचेची २५० मिमी लांब, अडीच सेंटिमीटर रुंद पट्टी, कडा घासून, ६० रुपयांत. दुहेरी टेपने ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला. लाकडाच्या पट्टीपेक्षा काच निर्धास्त : वाकत नाही, उन्हाने पिळत नाही.

तारा काढलेल्या, मान सरळ, ध्वनिछिद्रावर टेप, फ्रेटमधल्या लाकडावर टेप. तेरा ते वीस फ्रेटचे माथे काळ्या मार्करने रंगवले. काच नुसत्या तिच्या वजनाने, मानेच्या लांबीच्या दिशेने. आठ-दहा फेऱ्यांत सोळाव्याची शाई मधोमध गेली, मग पंधराव्याची. चौदा आणि सतरावर नुसता ओरखडा उठला तेव्हा थांबलो. पट्टी डुलत नाही.

आता सोळाव्याचा माथा सपाट. भिंगातून बघितले तर अर्ध्या मिलिमीटरहून जास्त रुंद चकचकीत पट्टा. असा सोडला तर तार नेमकी कुठे टेकते ते ठरत नाही, सूर किंचित हलतो आणि सतारीसारखी झणक येते. गोलाई परत आणायला खास कानस मिळते, पण ती महाग पडते. मी त्रिकोणी कानसीच्या तिन्ही कडा सहाणेवर घासून बोथट केल्या, म्हणजे लाकडाला चरा जात नाही. माथा पुन्हा काळा केला आणि दोन्ही उतारांवरून घासत गेलो. मधली काळी रेघ केसाएवढी उरली की थांबायचे. ती रेघ पुसली तर उंची गेली आणि आदल्या तासाची मेहनतही.

मग ६००, १०००, २००० चे पेपर बोटाला गुंडाळून, शेवटी ब्रासो. बाकीच्या फ्रेटवर कारखान्यातले आडवे ओरखडे होते, तेही याच बैठकीत पॉलिश केले. तार ताणताना येणारी खरखर गेली. नव्या तारा ११-५२ जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागांत) लावल्या (५५०), आधीच्या १२-५३ होत्या.

३१ मे

एफ कॉर्ड. इतके दिवस दोष फ्रेटच्या नावावर जात होता. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर तारेखाली किती फट राहते बघा. तिथे जेमतेम प्रकाशाची रेघ दिसायला हवी. इथे ०.३० चे पान जात होते, सहाही तारांना. कारखान्यात नटच्या खाचा मुद्दाम कमी खोल ठेवतात, कारण जास्त खोल गेली तर नट बदलावा लागतो.

खाचांच्या कानसी मापागणिक वेगळ्या आणि महाग. गॅस वेल्डिंगचे नोझल साफ करायच्या काड्यांचा संच (१२०) इथे चालतो, तारेच्या जाडीहून किंचित जाड काडी निवडायची. उतार डोक्याच्या दिशेने, म्हणजे तार नटच्या पुढच्या कडेवर टेकते. सहा-सात हात, तार परत खाचेत, मोजमाप. जाड ईला ०.१० आणि बारीक ईला ०.०५ वर थांबलो. एफ वाजवून पुतणीने नुसते "हं" केले. पंधरा वर्षांच्या मुलीकडून हे पुष्कळ झाले.

सॅडल (ब्रिजवरची तारा टेकायची पट्टी) : जाड ई २.९ वरून २.४ करायची, म्हणजे बाराव्यावर अर्धा मिलिमीटर. त्यासाठी सॅडलचा त्याच्या दुप्पट, एक मिलिमीटर तळ घासावा लागतो. पेन्सिलने रेघ मारून त्याच काचेवरच्या पेपरवर घासला. तळ गुण्यात (काटकोनात) राहिला पाहिजे, कललेला तळ ब्रिजच्या खाचेत नीट टेकत नाही आणि आवाज दबतो. बारीक ई १.८ वर आली.

१२ जुलै

पाऊस स्थिरावला. खोलीत ८४ टक्के. स्पंज कधीच काढला, आता पेटीत सिलिका जेल. तरीही पेटीतला आकडा साठच्या खाली यायला तयार नाही. बाराव्यावर जाड ई २.६, मान ०.२७. बझ कुठेच नाही. टोके कापसाला लागत नाहीत, उलट लाकूड फुगल्याने किंचित आत गेली आहेत. ट्रस रॉडला हात लावलेला नाही. प्रत्येक ऋतूत फिरवत बसायची ती गोष्ट नव्हे.

खर्च साबणदाणीपासून तारांपर्यंत बावीसशे. दुरुस्तीवाल्याच्या अडीच हजारांच्या तुलनेत फार वाचले असे नाही, वेळ धरला तर तोटाच. पण हत्यारे राहिली, आणि शेजारच्या वाड्यातल्या मुलाची गिटार दारात येऊन पडली आहे. तिचे पहिले पाच फ्रेट बझ करतात, असे तो म्हणतो. मापक आणि तक्ता देऊन परत पाठवला.

आपल्या गिटारमध्ये एक उरले आहे : बारीक ई तार पंधराव्या फ्रेटवर दाबून जोरात छेडली की सोळाव्याच्या टोकाशी हलकी चरचर येते. काचेच्या पट्टीखाली ते टोक बहुधा पूर्ण आले नाही. पुढच्या तारा बदलताना तेवढा कोपरा बघायचा.